चला, मायांच्या मुलखात!

मुलांनो, चिकू आवडतो ना? आवडतच असणार! डहाणू-घोलवडच्या चिकूचं नाव तर सगळीकडे गाजलेलं. पण हा चिकू मूळचा कुठला, ठाऊक आहे? घोलवडचा नाही, महाराष्ट्राचा नाही, आणि भारताचाही नाही! तो आला सातासमुद्रांपलीकडून, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतून. 'चिकू' हे नावसुद्धा तिकडच्या 'चिकोसापोते' या नावावरून आलं, असं मानतात. त्याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनायचं. आणि त्याचं लाकूड इतकं चिवट, की ग्वाटेमालातल्या तिकाल या जुन्या शहरात देवळांच्या दारांवर बसवलेल्या चिकूच्या तुळया बाराशे वर्षांहून जास्त टिकल्या!

ही देवळं बांधली माया लोकांनी. 'माया' म्हटलं की आपल्याला आईची माया आठवते, नाहीतर संतांनी सांगितलेली मायेची भूल. या मायांचा त्या मायेशी काही संबंध नाही बरं का! हे एका लोकसमूहाचं नाव आहे. दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास, एल साल्वाडोर यांचा काही भाग हा त्यांचा मुलूख. नकाशा काढून पाहा. मेक्सिकोच्या पूर्वेला समुद्रात अंगठ्यासारखं वर आलेलं एक द्वीपकल्प दिसेल. त्याचं नाव युकातान. आज आपल्याला तिथे जायचं आहे.

मेक्सिकोतल्या आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतून विद्यार्थ्यांचे गट युकातानला अभ्यास-सहलीला येत असतात. सहल म्हटलं की डबे, भेंड्या आणि खिडकीजवळच्या जागेवरून भांडणं! तीही असणारच. पण अभ्यास-सहलीत आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वही. तिच्या पहिल्या पानावर तीन शब्द लिहा : मोजा, काढा, विचारा. समोर दिसेल ते मोजायचं, त्याचं चित्र काढायचं आणि मनात आलेला प्रश्न न लाजता विचारायचा. झाली तयारी? मग बसा बसमध्ये!

डोक्यावर पाय दिलेले शिपाई

सहलीचा पहिला मुक्काम मेरिदा. युकातान राज्याची ही राजधानी. ६ जानेवारी १५४२ या दिवशी फ्रान्सिस्को दे मोंतेहो या स्पॅनिश सरदाराने ती वसवली. पण 'वसवली' हा शब्द जरा जपून वापरायला हवा. कारण तिथे आधीच तिहो नावाचं माया शहर होतं! दगडी चौथरे, उंच देवळं, सगळं होतं. ते पाहून स्पॅनिश लोकांना आपल्या देशातल्या मेरिदा गावाचे रोमन अवशेष आठवले, म्हणून त्यांनी हेच नाव दिलं. मग देवळं पाडली आणि त्याच दगडांतून घरं, रस्ते आणि चर्च उभं केलं. मुख्य चौकातलं मोठं कॅथीड्रल १५९८ मध्ये पुरं झालं. त्याच्या भिंतींत माया देवळांचे दगड आहेत.

त्याच चौकात मोंतेहो घराण्याचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भागाकडे मान वर करून नीट पाहा. चिलखत घातलेले, हातात शस्त्र घेतलेले दोन शिपाई कोरलेले दिसतील. आता त्यांच्या पायांखाली पाहा. ते उभे आहेत माणसांच्या मुंडक्यांवर!

इथे वही उघडायची. ही डोकी कोणाची असतील? हे शिल्प कोणी कोरवून घेतलं? आणि रोज सकाळी या वाड्यावरून कामाला जाणाऱ्या माया माणसाला ते पाहून काय वाटत असेल? एकाच दगडाकडे दोन माणसं पाहतात आणि दोन निरनिराळ्या गोष्टी वाचतात. इतिहासाचा अभ्यास सुरू होतो तो इथेच.

आणखी एक गंमत ऐका. युकातान जिंकायला निघालेल्या बापाचं नाव फ्रान्सिस्को दे मोंतेहो, मुलाचंही तेच आणि पुतण्याचंही तेच! परीक्षेत विचारलं तर पंचाईतच की. १५२७ मध्ये बापाने मोहीम सुरू केली. पण मायांचा एकच एक राजा नव्हता. एक राज्य हरलं तरी दुसरं लढायला उभं. त्यामुळे युकातानवर ताबा बसवायला स्पॅनिशांना जवळजवळ वीस वर्षं लागली. आणि ग्वाटेमालातल्या तळ्याकाठचं शेवटचं स्वतंत्र माया राज्य पडलं ते १६९७ मध्ये. त्या वेळी आपल्याकडे छत्रपती राजाराम महाराज जिंजीला राहून मोगलांशी लढत होते. म्हणजे बघा, 'कोलंबस आला आणि सगळं संपलं' असं आपण समजतो, ते काही खरं नाही!

नदी नाही, तरी शहरं!

मेरिदाहून दक्षिणेला बस निघाली की खिडकीबाहेर पाहा. सपाट जमीन, खुरटं जंगल. तासभर झाला, दीड तास झाला, पण एकही पूल लागत नाही. का बरं? कारण उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही! इथला खडक चुनखडीचा. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खाली जातं आणि जमिनीखाली वाहतं. कुठेकुठे वरचं छत कोसळतं आणि आत निळंशार पाणी दिसू लागतं. अशा नैसर्गिक विहिरीला माया भाषेत 'त्सोनोत' म्हणतात. स्पॅनिशांनी त्याचं केलं 'सेनोते'.

नकाशावर या सेनोते टिंबांनी दाखवल्या, तर वायव्य युकातानात एक मोठी कमान उमटते. जणू कोणी कर्कटक घेऊन वर्तुळ काढलंय! हे वर्तुळ काढलं आकाशातून आलेल्या एका प्रचंड धोंड्याने. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो इथे आदळला आणि डायनोसॉरच्या वंशाचा निकाल लागला. चिक्शुलूब हे त्या विवराचं नाव. अर्धं समुद्राखाली, अर्धं जमिनीखाली गाडलेलं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. आपलं लोणारचं विवर पाहिलंय ना? त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. चिक्शुलूबचा सुमारे १८० किलोमीटर. शंभर लोणार एका ओळीत मांडा, की झालं! आणि त्याच काळात आपल्याकडे जमीन फाटून लाव्हा वाहत होता. ज्या काळ्या दगडात पुढे आपले गडकोट उभे राहिले, तो दगड त्याच लाव्ह्याचा.

बस थांबते उश्मालला. इथे तर जवळ सेनोतेसुद्धा नाही. मग हजारो माणसं प्यायची काय? मायांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदली. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून चुन्याचा गिलावा. अंगणाला उतार असा द्यायचा, की पावसाचा थेंब न् थेंब टाक्यात उतरेल. या टाक्याला म्हणतात चुलतून. छपरावरचं पाणी साठवा, असं आज आपल्याला सांगावं लागतं. उश्मालच्या लोकांना ते हजार वर्षांपूर्वी कळलं होतं, कारण त्याशिवाय जगणंच शक्य नव्हतं.

म्हणूनच उश्मालच्या भिंतींवर जिकडे पाहावं तिकडे एकच चेहरा दिसतो. मोठे डोळे, पुढे आलेलं लांबलचक वाकडं नाक. हा चाक, पावसाचा देव. युकातानातल्या काही खेड्यांत आजही पाऊस लांबला की त्याची पूजा होते. त्या वेळी लहान मुलगे मांडवाच्या कोपऱ्यांत बसून बेडकांसारखं 'डराँव डराँव' ओरडतात, म्हणजे पावसाला वाटावं की आपली वेळ झाली! धोंडी काढणारी आपल्याकडची पोरं तिथे असती, तर त्यांना लगेच दोस्त मिळाले असते.

उश्मालच्या उंच पिरॅमिडची एक गोष्ट तिथले लोक सांगतात. एका म्हातारीने अंडं जपून ठेवलं, त्यातून एक मुलगा निघाला. तो वाढला, पण बुटकाच राहिला. राजाने त्याला दटावलं, "एका रात्रीत सगळ्यांहून उंच घर बांध, नाहीतर मरशील!" सकाळी लोक उठून बघतात तो काय, पिरॅमिड तयार! आता अभ्यास करणारे काय म्हणतात? खोदकामात दिसलं, की हा पिरॅमिड एका रात्रीत नाही, तर टप्प्याटप्प्याने झाला. जुन्या देवळावर नवं, त्यावर आणखी नवं, अशी पाच देवळं. मग गोष्ट खोटी का? वहीत दोन रकाने आखा. एकात 'दगड काय सांगतात', दुसऱ्यात 'लोक काय सांगतात'. दोन्ही लिहून ठेवा. दोन्ही त्या जागेचेच आहेत.

पायऱ्यांचं कॅलेंडर

आता चिचेन इत्झा. २००७ मध्ये जगातली नवी सात आश्चर्यं निवडली, तेव्हा आपल्या ताजमहालाच्या पंगतीत हे नावही होतं. मधोमध जो पिरॅमिड आहे त्याला चार बाजूंनी जिने आहेत. एका जिन्याला ९१ पायऱ्या. चार जिन्यांच्या ३६४. वर देवळाची एक. एकूण किती? ३६५! दगडाचं कॅलेंडरच की हे!

२१ मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखे असतात, तेव्हा दुपारी उतरत्या उन्हात उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण पडतात. खाली सापाचं दगडी डोकं आहेच. पाहणाऱ्याला वाटतं, नाग सळसळत खाली उतरतोय. हा कुकुलकान, पिसांचा नाग. जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवली तर प्रतिध्वनी पाखराच्या चिवचिवाटासारखा येतो. वर चढायला मात्र आता बंदी आहे. लाखो पायांनी पायऱ्या झिजत होत्या.

माया गणित तर फारच सोपं. चिन्हं फक्त तीन. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपला म्हणजे शून्य! हो, शून्य. शून्य म्हटलं की आपली कॉलर ताठ होते, आणि ते योग्यच आहे. पण मायांनी आपलं शून्य आपल्या बुद्धीने शोधलं होतं. दोघांची गाठ पडण्याचा तर प्रश्नच नव्हता. आपण दहा-दहाचे गठ्ठे करतो, ते वीस-वीसचे करायचे. हाताची बोटं दहा, पायांची दहा! आकडा खालून वर लिहायचा. खालचं घर एककाचं, वरचं विसाचं. म्हणजे ४७ कसे लिहाल? वर दोन टिंबं (दोन वेळा वीस), खाली एक रेघ आणि दोन टिंबं (सात). तुमचा हजेरी क्रमांक आत्ताच लिहून पाहा.

त्यांची कॅलेंडरं दोन. एक २६० दिवसांचं, पूजा-मुहूर्तांचं. दुसरं ३६५ दिवसांचं : वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस. हे पाच दिवस अशुभ समजत. दोन्ही कॅलेंडरं आज एका दिवशी सुरू झाली, तर पुन्हा एकत्र कधी येतील? सातवी-आठवीतल्यांनो, २६० आणि ३६५ चा लसावि काढा बघू! येतो १८,९८०. भागिले ३६५, म्हणजे बरोबर ५२ वर्षं. लसावि कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या मित्राला हे उदाहरण द्या.

याखेरीज एक लांब पल्ल्याची मोजणीही होती. तिचा एक मोठा फेरा २१ डिसेंबर २०१२ ला पुरा झाला. तेव्हा जगभर ओरड झाली, की माया लोकांनी त्या दिवशी जगबुडी सांगितली आहे! मायांनी असं काही सांगितलं नव्हतं. गाडीच्या मीटरवर ९९,९९९ नंतर आकडे फिरतात, म्हणून काय गाडी मोडते? दुसऱ्या दिवशी मोजणी पुढे सुरू.

चिचेन इत्झाला एक मोठी सेनोते आहे, सुमारे ६० मीटर रुंद. माया तिला पवित्र मानत. त्यात सोनं, जेड, आणि कधी माणसांचेही बळी अर्पण करत. होय, हेही वहीत लिहायचं. चांगलं तेवढं लिहिलं तर तो अभ्यास कसला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसाने या विहिरीचा तळ उपसला आणि सापडलेल्या वस्तू अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात पोचल्या. त्यांतल्या काही १९७० मध्ये मेक्सिकोला परत मिळाल्या. जुन्या वस्तू कोणाच्या? ज्याने शोधल्या त्याच्या, की ज्यांच्या पूर्वजांनी त्या घडवल्या त्यांच्या? या प्रश्नावर बसमध्ये भरपूर भांडा. भेंड्यांपेक्षा जास्त रंगेल!

जळालेली पुस्तकं

यानंतर इसामाल. सगळं गाव पिवळ्या रंगात रंगवलेलं. मधोमध फ्रान्सिस्कन साधूंचा मठ, १५६१ मध्ये पुरा झालेला. तो उभा आहे माया देवळाच्या प्रचंड चौथऱ्यावर. मठाच्या ओट्यावरून पाहिलं, तर गावातच पलीकडे जुना माया पिरॅमिड दिसतो. हा मठ उभारण्यात पुढाकार होता दिएगो दे लांदा या साधूचा. हे नाव लक्षात ठेवा. कारण आता जी गोष्ट सांगायची आहे, ती त्याचीच.

माया लोकांकडे पुस्तकं होती. झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा पांढरा हात, वर रंगीत अक्षरं आणि चित्रं. पेटीच्या भात्यासारख्या घड्या घालून ठेवायची. त्यांत ग्रहताऱ्यांची गणितं होती, सणवार होते, देवांच्या कथा होत्या. लांदाला कळलं, की बाप्तिस्मा घेतलेले माया लोक गुपचूप जुन्या देवांची पूजा करतात. त्याने चौकशी लावली. लोकांचा छळ झाला, कित्येकांचे जीव गेले. आणि १२ जुलै १५६२ या दिवशी मानी या गावात त्याने मूर्तींबरोबर मायांची पुस्तकंही आगीत टाकली. पुस्तकं जळताना त्या लोकांना फार दुःख झालं, असं लांदाने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आज माया लिपीतली फक्त चार पुस्तकं जगात शिल्लक आहेत. एक जर्मनीत ड्रेस्डेनला, एक माद्रिदला, एक पॅरिसला आणि एक मेक्सिको शहरात. क्षणभर विचार करा. मराठीतली सगळी पुस्तकं जळली आणि कुठलीतरी चारच उरली, तर आपण कोण हे पुढच्यांना कसं कळणार?

पण गोष्ट इथे संपत नाही. लांदाने मर्यादा ओलांडली अशी तक्रार झाली आणि जबाब द्यायला त्याला स्पेनला जावं लागलं. तिथे त्याने १५६६ च्या सुमारास युकातानवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मायांची 'अक्षरमाला' उतरवून घेतली! ज्याने पुस्तकं जाळली, त्याच्याच वहीत ती वाचायची किल्ली राहिली. हा ग्रंथ विसरला गेला होता. १८६२ मध्ये त्याची एक नक्कल माद्रिदच्या ग्रंथालयात सापडली.

विद्वान खूश झाले, पण किल्ली लागेना. कारण लांदाने घोटाळा केला होता. त्याला वाटलं, मायांचीही ए, बी, सी, डी असणार. तो स्पॅनिशमध्ये म्हणाला 'बे'. समोरच्या माया माणसाने 'बे' या आवाजाचं चिन्ह काढून दिलं : दोन रेघांमध्ये पाऊल, म्हणजे रस्ता. माया भाषेत 'बे' म्हणजे रस्ता! लांदाने लिहिलं, हे 'ब' अक्षर.

हे ओळखलं युरी क्नोरोझोव या लेनिनग्राडमधल्या तरुण अभ्यासकाने, १९५२ मध्ये. तोवर त्याने एकही माया शहर पाहिलं नव्हतं! तो म्हणाला, ही ए, बी, सी, डी नाहीच. यातली बरीच चिन्हं अख्ख्या अक्षराची आहेत : कु, त्सु, लु अशी. इंग्रजी मुलांना हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. आपण 'कु' एकदम लिहितोच की! टर्कीच्या चित्राजवळ दोन चिन्हं होती, कु आणि त्सु. वाचा 'कुत्स', म्हणजेच टर्की. कुत्र्याच्या चित्राजवळ त्सु आणि लु. वाचा 'त्सुल', म्हणजे कुत्रा. 'त्सु'चं चिन्ह दोन्हीकडे तेच. शेवटचा स्वर लिहायचा, पण बोलायचा नाही. आपण तरी काय करतो? 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो!

नावाजलेल्या अभ्यासकांनी बराच काळ त्याला मानलं नाही. पण हळूहळू दगड बोलू लागले. राजांची नावं, लढाया, जन्म-मृत्यूच्या तारखा वाचता आल्या. क्नोरोझोवला माया मुलूख पाहायला मिळाला तो १९९० मध्ये, ग्वाटेमालात. अडतीस वर्षांनंतर!

आणि आता तुमच्या वयाची गोष्ट. १९७० च्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकन मुलगा आईबाबांबरोबर युकातानातल्या कोबा या जागी गेला. ते तिथे नकाशे काढत होते. पोरगा तिथल्या कोरीव शिळांची चित्रं वहीत काढत बसला. पुढे बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने मोठमोठ्या विद्वानांसमोर माया लिपीवर निबंध वाचला. अठराव्या वर्षी त्याला मॅकआर्थर ही नामांकित शिष्यवृत्ती मिळाली. आज माया लिपीच्या जाणकारांत त्याचं नाव अगदी वर आहे. सुरुवात कशाने झाली? वही आणि पेन्सिलीने!

माया गेले नाहीत

'माया संस्कृती नष्ट झाली', असं काही पुस्तकांत लिहिलेलं असतं. सहलीचा शेवटचा दिवस खेड्यात काढला की कळतं, दक्षिणेकडची मोठमोठी शहरं ओस पडली हे खरं, पण माणसं कुठेच गेली नाहीत. मेक्सिकोत २०२० च्या जनगणनेत साडेसात लाखांहून जास्त लोकांनी आपण युकातानी माया भाषा बोलतो असं सांगितलं. झावळ्यांनी शाकारलेली लंबगोल घरं, भरतकाम केलेले पांढरे झगे, मक्याच्या भाकऱ्या, सगळं आहे.

तिथे डुकराच्या मटणाला शेंद्री आणि आंबट संत्र्याचा रस चोळून, केळीच्या पानात गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात. खड्ड्यात भाजण्याची रीत मायांची, डुक्कर आणि संत्रं आणलं स्पॅनिशांनी. मिरची, टोमॅटो, सीताफळ, पेरू हे मात्र मूळचे अमेरिकेचे. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली आणि आपल्या ठेच्यापर्यंत पोचली! भाषेचंही तसंच. माया माणूस आभार मानतो 'दिओस बोओतिक' म्हणून. 'दिओस' म्हणजे देव, हा शब्द स्पॅनिश. पुढचा शब्द माया. अर्थ, देव तुझी फेड करील.

वाटेत जुन्या हवेल्या लागतात. भोवती ओळीने लावलेली काटेरी पात्यांची झुडपं. अरे, ही तर घायपात! आपल्याकडे शेताच्या बांधावर असते, तिचीच ही बहीण. तिच्या वाखाचे दोर एकोणिसाव्या शतकात जगभर जात आणि मळेवाले गब्बर होत. पण मळ्यात राबणारे माया मजूर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात अडकलेले असत. बापाचं कर्ज मुलाच्या मानेवर. मेक्सिकोतल्या १९१० नंतरच्या क्रांतीच्या काळात ही वेठ कायद्याने संपली. हवेली पाहताना नुसतं 'काय सुंदर खांब!' म्हणून पुढे जाऊ नका. खांब कोणाच्या घामाचे, हेही विचारा.

आता तुमची पाळी

युकातानला जाणं सगळ्यांना कुठून जमणार? पण मोजणं, काढणं आणि विचारणं यांना विमानाचं तिकीट लागत नाही. पुढच्या वेळी किल्ल्यावर, लेण्यात किंवा गावातल्या जुन्या बारवेपाशी गेलात की पायऱ्या मोजा. एखादं शिल्प वेडंवाकडं का होईना, वहीत उतरवा. जवळ राहणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा, की इथे पूर्वी काय होतं? पाणी कुठून यायचं? हे बांधलं कोणी आणि राबलं कोण? आणि हो, दगडावर स्वतःचं नाव कोरू नका. लांदाने पुस्तकं आगीने पुसली, आपण दगड खिळ्याने पुसायचे का?

पालकांनाही एक विनंती. सहलीहून आलेल्या मुलाला 'किती ठिकाणं पाहिलीस?' असं विचारू नका. 'कोणता प्रश्न घेऊन आलास?' असं विचारा. उत्तर तुम्हाला येत नसेल तर उत्तमच. दोघं मिळून शोधाल!

जाता जाता एक माया वाक्य शिकून घ्या. 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारायचं असेल तर म्हणतात, 'बिश आ बेल?' शब्दशः अर्थ, 'तुझा रस्ता कसा आहे?' त्यातला 'बे' ओळखलात ना? लांदासमोर बसलेल्या त्या माणसाने काढलेलं पाऊल तेच! उत्तर द्यायचं, 'मालोब', म्हणजे छान. उद्या वर्गात मित्राला विचारून बघा आणि तो काय म्हणतो ते वहीत लिहून ठेवा!